तक्रार काही नाही

एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात औषध न्यायला आलेल्या माणसाला कुणी कागद-पेन घेऊन विचारलं, की इथल्या सेवेबद्दल काय वाटतं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. ‘चांगलं आहे. तक्रार काही नाही.’ थोडं खोदून विचारलं तर आणखी एक वाक्य येतं, ‘गोळ्या फुकट मिळतात, जगतोय, अजून काय पाहिजे?’ बोलताना लक्ष औषधाच्या खिडकीकडे असतं. नंबर निघून जाईल याची धास्ती असते आणि परतीची एसटी गाठायची असते.

या उत्तरावर माझा विश्वास आहे. ते खोटं नाही. पण त्यावरून ‘रुग्ण समाधानी आहेत’ असा शेरा मारून फाइल मिटणं मला मान्य नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मिळणारी सेवा कशी आहे आणि त्या उपचाराचं फळ काय, हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की पहिल्याचं उत्तर वरवर घेतलं तर दुसऱ्याचंही चुकतं. महाराष्ट्राला तर हा विषय बाजूला ठेवणं परवडणारच नाही. देशात एचआयव्हीसह जगणारे पंचवीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांतले सुमारे चार लाख एकट्या महाराष्ट्रात, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

‘तक्रार नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या मागे काय काय उभं आहे, ते आधी बघू.

गोव्यातल्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि तपासणीनंतर म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडून ठेवलं. बाहेर पहारा. आपल्याला नेमकं काय झालंय, हेही त्याला आधी कुणी धड सांगितलं नव्हतं. असे ६४ दिवस गेले. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याप्रमाणे एचआयव्ही सापडलेल्या माणसाला वेगळं ठेवलं जात होतं. त्याची आई लुसी न्यायालयात गेली. पुढे कायद्यातली सक्ती सैल झाली, पण असं वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार उच्च न्यायालयाने उचलून धरला. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. जाण्याआधी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करायला घेतली होती. या रोगाच्या माणसाला आपल्याकडे मिळालेली सुरुवातीची ‘सेवा’ अशी पोलिसांच्या हातची होती.

नंतरची दहा-बारा वर्षं औषधाविना गेली. म्हणजे औषध जगात होतं, इथल्या माणसाला नव्हतं. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने उतरले. त्या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. आफ्रिकेतले लाखो जीव पुढे भारतात बनलेल्या गोळ्यांनी वाचले. भारतातल्या गरीब रुग्णाला सरकारी रुग्णालयात त्या मोफत मिळायला मात्र १ एप्रिल २००४ उजाडावं लागलं. देशभरातल्या आठ सरकारी रुग्णालयांत त्या दिवशी एआरटी, म्हणजे विषाणूला आयुष्यभर दाबून ठेवणारा उपचार, सुरू झाला. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. सुरुवातीला गोळ्याही सर्वांना नव्हत्या. रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी साधारण २०० च्या खाली उतरल्या, शरीर पुरतं खचलं, की मग नंबर लागे. ही मर्यादा हळूहळू वर सरकत ३५० आणि ५०० झाली, आणि २०१७ च्या एप्रिलपासून तपासणीत एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देण्याचं धोरण आलं.

२००४-०५ मध्ये उपचारावर आलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. बरोबरचे किती गेले, हे त्यांनी पाहिलं आहे. नवरा गेला, दीर गेला, आपण मात्र त्या गोळ्यांच्या वेळेला होतो म्हणून राहिलो, असा हिशेब मनात असलेल्या बाईला कुणी विचारावं, ‘बसायला बाक पुरेसे आहेत का?’ ती काय तक्रार करणार?

समाधानाच्या मोजमापातली ही अडचण जगभरच्या आरोग्य-अभ्यासकांना ठाऊक आहे. माणूस सेवेला गुण देताना आपल्या अपेक्षेशी तुलना करून देतो. अपेक्षाच तळाला असली तर कुठलीही सेवा उत्तम ठरते. त्यात कृतज्ञता मिसळते. शिवाय विचारणारा कोण, यावर बरंच अवलंबून असतं. ज्या इमारतीतून दर महिन्याला जीव मिळतो, त्याच इमारतीत, तिथल्याच माणसाने विचारलेल्या प्रश्नाला कोण फटकळ उत्तर देईल? आणि मला सगळ्यांत मोठी वाटणारी अडचण वेगळीच आहे. ज्यांना खरोखर काही खुपलं, ते त्या रांगेत नसतात. ते यायचे थांबलेले असतात. केंद्राच्या भाषेत त्यांना ‘एलएफयू’ म्हणतात, पाठपुराव्यातून सुटलेले. समाधानाची पाहणी केंद्रात होते, म्हणजे जे टिकले त्यांचीच होते.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी पाहावी याची एक मांडणी अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये केली होती, ती आजही वापरात आहे. साधनं काय आहेत, प्रत्यक्ष सेवा कशी दिली जाते आणि परिणाम काय होतो, अशा तीन अंगांनी पाहा, असं त्यांचं सांगणं. आपला एचआयव्ही कार्यक्रम पहिल्या आणि तिसऱ्या अंगाची बारकाईने नोंद ठेवतो. केंद्रं किती, गोळ्यांचा साठा किती, किती जण उपचारावर, कितींचा विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला. मधलं अंग, म्हणजे माणसाला तिथे कसं वागवलं गेलं, ते या आकड्यांच्या फटीतून निसटतं.

ते निसटलं की काय होतं, हे स्टॅव्ह्युडिनच्या गोष्टीत दिसतं.

मोफत उपचाराच्या पहिल्या वर्षांत अनेकांना मिळालेल्या गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्युडिन हे औषध होतं. स्वस्त, सहज मिळणारं, आणि विषाणूवर गुणकारी. त्या गोळ्यांनी मरणाच्या दारातली माणसं उठून बसली, वजन वाढलं, कामाला जाऊ लागली. वर्ष-दोन वर्षांनी त्यांतल्या अनेकांचे गाल बसू लागले. हातापायांवरची चरबी झडून शिरा दोरीसारख्या वर आल्या. काहींच्या पोटाचा घेर वाढला. तळपायांना मुंग्या आणि अशी आग, की रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होऊ नये. कार्डावर मात्र सगळं छान होतं. सीडी-४ वाढलेले, क्षयरोग बरा झालेला, वजन टिकून. उपचार यशस्वी.

गावात ते यश कसं दिसत होतं? ज्या बाईने पाच वर्षं जावेपासून, शेजारणीपासून, बचत गटातल्या बायकांपासून आपला आजार लपवला, तिच्या चेहऱ्यावर आता तो उमटू लागला. बसलेले गाल पाहून लोक बोलू लागले. जीव वाचवणाऱ्या गोळीनेच गुपित फोडलं. त्यातून काहींनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि ‘अनियमित रुग्ण’ म्हणून बोलणी खाल्ली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आपल्याकडेही ते पुढच्या काही वर्षांत मागे पडलं, टेनोफोव्हिरवर आधारलेली एकच रोजची गोळी आली. तिच्यातल्या एफाविरेंझने अनेकांच्या झोपेत विचित्र स्वप्नं भरली, सकाळी उठल्यावर घेरी येई. आता डोल्युटेग्रॅव्हिर असलेली गोळी आहे. ती बरीच सुसह्य आहे, तरी काहींचं वजन आणि साखर वाढते, त्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

स्टॅव्ह्युडिनच्या काळात कुणी गाल आणि पायांची आग यांबद्दल नीट विचारलं असतं, उत्तरं लिहून घेतली असती, ती वरपर्यंत गेली असती, तर ते औषध आणखी लवकर गेलं असतं का? औषधांच्या किमती, पुरवठा, जागतिक शिफारशी अशा बऱ्याच गोष्टी त्यात होत्या, त्यामुळे ठाम सांगता येणार नाही. पण रुग्णाचं म्हणणं ही उपचाराच्या परिणामाचीच बातमी असते, आणि प्रयोगशाळेच्या कागदाआधी ती येते, एवढं मला त्या गोष्टीतून पक्कं कळलं आहे.

एआरटी केंद्राच्या वाटेवरही बरंच काही घडतं. जिल्ह्याच्या गावी केंद्र असतं, काही ग्रामीण रुग्णालयांत लिंक एआरटी केंद्र असतं, जिथे स्थिर झालेल्या रुग्णाला घराजवळ गोळ्या मिळू शकतात. कागदावर ही सोय उत्तम. पण ग्रामीण रुग्णालयात नर्स चुलत बहिणीची नणंद निघते, केसपेपर काढणारा शाळेतला वर्गमित्र. त्यामुळे घराजवळचं केंद्र टाळून दोन तालुके ओलांडून, कधी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन गोळ्या आणणारे खूप. एक दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचा खर्च होतो, जेवण बाहेर. राज्य परिवहनच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांना साध्या गाडीत मोफत प्रवास आहे. त्यामागची कळकळ खरी आहे. पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरपुढे कार्ड धरावं लागतं. कितीतरी जण त्यापेक्षा तिकीट काढणं पसंत करतात.

केंद्रात शिरल्यावर रांग. आधी नोंद, मग समुपदेशक, मग डॉक्टर, कधी रक्त, शेवटी औषधाची खिडकी. गोळ्यांची डबी घेतली की अनेक जण ती तिथेच, जिन्याखाली किंवा झाडाखाली, दुसऱ्या डबीत रिकामी करतात, वरचं लेबल फाडतात. डबी वाजू नये म्हणून आत कापूस भरतात. घरी ती तांदळाच्या डब्यात, शिलाई मशीनच्या खणात, देवघराच्या मागे जाते. सासूला रक्तदाबाची गोळी म्हणून सांगितलेलं असतं. रोज ठरलेल्या वेळी, न चुकता, जन्मभर घ्यायची गोळी आणि ती घेताना कुणी पाहू नये, ही कसरत हे लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. ‘अॅडहेरन्स’, म्हणजे औषध घेण्यातली नियमितता, मोजायला उरलेल्या गोळ्या मोजतात. त्या मोजणीत ही कसरत मावत नाही.

कोविडच्या टाळेबंदीत एक गोष्ट अनपेक्षितपणे सुधारली. येणं-जाणं बंद झालं म्हणून एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देणं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. संस्थांचे कार्यकर्ते मोटारसायकलवरून घराच्या जवळपास, कधी चौकात, कधी शेताच्या बांधावर औषध पोचवत होते. स्थिर रुग्णाला दर महिन्याला बोलवायची गरज नाही, हे आरोग्यशास्त्र आधीपासून सांगत होतं. महामारीने ते करायला भाग पाडलं. रांगेत कमी वेळा उभं राहायला लागणं ही या रुग्णांच्या दृष्टीने सेवेतली मोठी सुधारणा आहे, आणि ती बाकावर नवं कुशन घालून होत नाही.

आता समाधान आणि परिणाम यांचा सांधा. याबद्दल अमेरिकेत झालेले दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या एचआयव्ही दवाखान्यात सतराशेहून जास्त रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला होता, तुमचा डॉक्टर तुम्हाला माणूस म्हणून ओळखतो का? २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांच्यात औषध सुरू असण्याचं, ते नियमित घेण्याचं आणि रक्तातला विषाणू न सापडण्याचं प्रमाण जास्त होतं. दुसरा ह्यूस्टनमधला, २०१३ मध्ये छापलेला. त्यात दिसलं, की सेवेबद्दलचं समाधान विषाणूभारावर सरळ परिणाम करत नाही. समाधानी माणूस येत राहतो, गोळ्या घेत राहतो, आणि म्हणून विषाणू दबतो.

अमेरिकेतले निष्कर्ष उचलून सांगलीला किंवा नांदेडला चिकटवता येत नाहीत, हे खरं. पण पहिल्या अभ्यासातला प्रश्न आपल्याकडे विचारायला कुणाची हरकत असावी? ‘सेवा चांगली आहे का’ याला ‘हो’ म्हणणं सोपं. ‘इथे कुणी तुम्हाला ओळखतं का, तुमच्या घरी काय चाललंय ते कुणाला ठाऊक आहे का’ याला माणूस विचार करून उत्तर देतो.

या प्रश्नाला आपल्या केंद्रात जेव्हा ‘हो’ मिळतं, तेव्हा बहुधा ते नाव डॉक्टरचं नसतं. समुपदेशक मॅडमचं असतं, फार्मासिस्टचं असतं, किंवा केअर कोऑर्डिनेटरचं. कार्यक्रमातली ही एक फार शहाणी योजना आहे, की केअर कोऑर्डिनेटरच्या जागेवर शक्यतो एचआयव्हीसह जगणारीच व्यक्ती घ्यावी. पहिल्यांदा आलेला, हातपाय गळालेला माणूस समोरच्याकडून ऐकतो, ‘मी पण घेते ह्याच गोळ्या. बारा वर्षं झाली.’ त्यानंतर त्याच्या बसण्यात जो फरक पडतो, तो कुठल्याही पत्रकाने पडत नाही. मात्र ही सगळी माणसं कंत्राटी आहेत. मानधन तुटपुंजं, नूतनीकरणाची टांगती तलवार, आणि एका समुपदेशकामागे रुग्णांची संख्या एवढी, की गर्दीच्या दिवशी प्रत्येकाला चार-पाच मिनिटंही मिळणं कठीण. ज्या गोष्टीवर माणूस टिकून राहणं अवलंबून आहे, त्या गोष्टीवर आपण सगळ्यांत कमी खर्च करतो, याचा मला राग येतो.

एआरटी केंद्राबद्दल तक्रार नसलेली माणसं त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागाबद्दल विचारलं की बोलू लागतात. हर्नियाचं ऑपरेशन, गर्भाशयाची पिशवी, दाढ काढणं, मोतीबिंदू. आज नको, पुढच्या आठवड्यात या. सामान संपलंय. मोठ्या दवाखान्यात जा. खासगीत गेलं तर ‘स्पेशल किट’च्या नावाखाली वेगळं बिल. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलेलं. शेवटच्या क्रमांकावर लावलेलं ऑपरेशन. वीस वर्षं उपचारावर राहून वाचलेल्या लोकांना आता मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे आहेत. त्यांचं रुग्णालयातलं आयुष्य पुढे या बाकीच्या विभागांतच जास्त जाणार आहे. एआरटी केंद्रापुरतं समाधान मोजणं त्यांच्यासाठी दिवसेंदिवस अपुरं होत चाललंय.

कायदा त्यांच्या बाजूला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच ‘एम एक्स विरुद्ध झेड वाय’ या खटल्यात निकाल दिला होता, की काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या हमाली करणाऱ्या माणसाला नाव झाकून लढायची मुभा न्यायालयाने दिली, म्हणून खटल्याचं नाव असं अक्षरांचं. २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. उपचार नाकारणं, संमतीवाचून तपासणी, परवानगीवाचून आजार उघड करणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे, राज्याने लोकपाल नेमायचा आहे. उपचार पुरवण्याच्या कलमात मात्र ‘शक्य तितपत’ अशी मुभा सरकारने स्वतःसाठी ठेवली. रुग्णांच्या संघटनांनी तेव्हाच त्याला विरोध केला होता. तक्रार अधिकाऱ्याचं नाव दर्शनी भागात, वाचता येईल अशा अक्षरांत लावलेलं आहे का, हे आपापल्या गावच्या रुग्णालयात जाऊन वाचकांनी पाहावं, अशी माझी विनंती आहे. पाच मिनिटांचं काम आहे.

‘शक्य तितपत’चा अर्थ २०२२ मध्ये कळला. त्या वर्षी डोल्युटेग्रॅव्हिरसह काही औषधांचा तुटवडा झाला, ठिकठिकाणी महिन्याऐवजी थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या मिळू लागल्या. दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी ठाण मांडलं, आणि ते महिनाभराहून अधिक चाललं. एरवी नाव सांगायला घाबरणारी माणसं उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर बसली. एकेकट्याने विचारल्यावर ‘काही तक्रार नाही’ म्हणणारे लोक एकत्र आल्यावर नेमकं आणि मुद्देसूद बोलतात. आपल्याकडे हे सांगलीच्या संग्राम संस्थेने आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या वॅम्प या संघटनेने फार पूर्वी दाखवलं. नव्वदीत, जेव्हा या बायकांना ‘रोग पसरवणाऱ्या’ म्हणून हिणवलं जात होतं, तेव्हा त्या स्वतः शिकल्या, एकमेकींना शिकवू लागल्या, आणि सरकारी रुग्णालयाने आपल्याशी माणसासारखं वागावं अशी मागणी त्यांनी संघटनेच्या बळावर केली. समाधानाच्या पाहणीत रुग्ण एकटा असतो, हे लक्षात ठेवावं.

मुलांचा विषय खरं तर स्वतंत्र लेखाचा. पंढरपूरच्या ‘पालवी’त मंगलताई शहांनी किंवा लातूरजवळ हासेगावच्या ‘सेवालया’त रवी बापटले यांनी वाढवलेली जन्मतः बाधित मुलं आता तरुण आहेत, काहींची लग्नं झाली आहेत. लहानपणी कडूजहर सिरप नाक दाबून प्यायलेली ही पिढी. पौगंडात औषधावरून मन उडण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि बहुतेक केंद्रांत त्या वयाशी त्या वयाच्या भाषेत बोलायला कुणी नाही. एवढंच इथे.

पुण्याशी थेट नातं असलेली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने ‘एचपीटीएन ०५२’ या जागतिक अभ्यासात भाग घेतला होता. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती, जोडीदारांपैकी एक बाधित, दुसरा नाही. पुणे आणि चेन्नईची जोडपी त्यांत होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. पुढच्या वर्षांत या आणि इतर अभ्यासांतून स्पष्ट झालं, की नियमित औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. जगभर ही माहिती एखाद्या मुक्तीच्या बातमीसारखी पसरली. तिच्या उभारणीत पुण्याच्या जोडप्यांचा वाटा आहे.

आणि इथल्या केंद्रांत? विषाणूभाराची तपासणी २०१८ पासून सगळ्यांसाठी नेमाने होऊ लागली. अहवाल येतो, ‘चांगला आहे, अशाच गोळ्या घेत राहा’ असं सांगितलं जातं. त्या ‘चांगला’चा पुरता अर्थ मात्र प्रत्येकाला सांगितला जातोच असं नाही. लोक निर्धास्त होऊन गोळ्यांत ढिले पडतील, निरोध सोडतील, अशी धास्ती सांगणाऱ्याला वाटते. मला ही धास्ती रुग्णावर अन्याय करणारी वाटते. स्वतःला वीस वर्षं विषारी समजत आलेल्या, नवऱ्याच्या अंथरुणापासून दूर झोपणाऱ्या, नातवाचा मुका घ्यायला बिचकणाऱ्या बाईला तिच्या रक्ताच्या अहवालाचा खरा अर्थ समजणं हा उपचाराचा भाग आहे. नातवाला तर आजाराच्या पहिल्या दिवशीही जवळ घेता आलं असतं. तेही तिला कुणी ठणकावून सांगितलेलं नसतं.

राहिले ते सुटलेले लोक. केंद्रातून यादी निघते, संस्थेची कार्यकर्ती शोधायला जाते. ती गाडीवर पाटी लावत नाही, शेजाऱ्यांनी विचारलं तर बचत गटाचं किंवा विम्याचं काम सांगते. कितीदा तरी पत्ता चुकीचा निघतो. त्या नावाचं घरच त्या गल्लीत नसतं. वहीत ‘पत्ता सापडला नाही’ अशी नोंद होते. मला ती नोंद रुग्णाचं पहिल्या दिवशीचं मत वाटते. केंद्रात पाऊल ठेवतानाच त्याला वाटलं होतं, की इथे खरा पत्ता देणं सुरक्षित नाही.

दुसरी मोठी यादी स्थलांतरितांची. बीड, जालना, धाराशिवच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. कोपीत प्लॅस्टिकचं छप्पर, आडोसा नाही, डबी लपवायला जागा नाही. गोळ्या संपल्या तर उपचाराची हिरवी वही दाखवून जवळच्या केंद्रातून घेता येतात, अशी सोय आहे. पण त्यासाठी वही जवळ हवी, केंद्र कुठे आहे ते माहीत हवं, आणि मुकादमाला काहीतरी कारण सांगून दिवसभर फडातून निघायला हवं. मग दोन-तीन महिने खंड पडतो. मे महिन्यात तोडणीला गेलेली बाई परत येते, विषाणूभार वाढलेला असतो, आणि आधी बोलणी बसतात. जानेवारीत तिच्या जिल्ह्यात समाधानाची पाहणी झाली असेल, तर ती तिथे नव्हतीच. ती कराडच्या नाहीतर वाळव्याच्या फडात होती.

तिला विचारायचं ते ऑक्टोबरात विचारायला हवं. किती महिने जाणार, कुठल्या कारखान्याकडे, कोयत्यातला, म्हणजे तोडणीतला, जोडीदार कोण, त्याला माहीत आहे का, डबी कुठे ठेवशील, फोन कुणाचा लावायचा. तिचा विषाणू दबलेला असेल तर जमतील तितक्या महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या. आणि ती गाडीत चढण्याआधी तिकडच्या केंद्राला इथून फोन जायला हवा. तो फोन करायला केंद्रात एक माणूस लागतो, ज्याचं कंत्राट त्या महिन्यात संपत नसेल.